एम ५४ : पुसट ठिपक्यामागची दीर्घिका कशी पाहावी

माझ्या निरीक्षणवहीत एम ५४ची, म्हणजे मेसियेच्या यादीतल्या ५४व्या वस्तूची, पहिली नोंद एका ओळीची आहे : "गोल, पुसट, मध्ये उजळ. तारे सुटत नाहीत." त्या रात्री आधी एम २२ हा तारकागुच्छ पाहिला होता. वाळूचे कण सांडावेत तसे त्यातले तारे दिसले होते आणि त्यानंतर हा धुरकट ठिपका मला अगदी फिका वाटला. दोन मिनिटं पाहिलं, ओळ लिहिली आणि दुर्बिण दुसरीकडे वळवली. "तारे सुटत नाहीत" या तीन शब्दांतच त्या गुच्छाची खरी ओळख आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तारे सुटत नाहीत, कारण तो गुच्छ मुळात आपल्या आकाशगंगेचा नाहीच. तो धनू राशीतल्या एका बटू दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच पण लहान तारकाविश्वाचा, गाभा आहे. ती दीर्घिका आकाशगंगेत ओढली जाते आहे, विस्कटते आहे, आणि तिचा मधला घट्ट भाग तेवढा आपल्याला साध्या दुर्बिणीतून दिसतो.

दुसऱ्या दीर्घिकेचा गाभा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, आणि तो दुसऱ्या दीर्घिकेचा आहे हे स्वतः पडताळायचं, यासाठी काय करावं ते इथे लिहिते आहे. मी आठ इंची डॉब्सोनियन (साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बिण) वापरते. सहा इंची दुर्बिणीतही यातलं जवळजवळ सगळं जमेल. हाताशी १० × ५०चा बायनॉक्युलर असेल तर सुरुवात फार सोपी होते.

आधी जागा नीट ओळखा

धनू राशीतल्या ठळक ताऱ्यांची किटली बहुतेक आकाशनिरीक्षकांच्या ओळखीची असते. आपल्याला हवा आहे तो किटलीचा तळ. तळाच्या एका टोकाला एप्सिलॉन हा राशीतला सर्वांत तेजस्वी तारा आहे, तो पूर्वाषाढा नक्षत्रातला. दुसऱ्या टोकाला, मुठीच्या खालच्या कोपऱ्यात, झीटा आहे, तो उत्तराषाढातला. दोन्ही आषाढांना जोडणारी ही रेघ साधारण नऊ अंशांची. हात लांब करून मूठ धरली तर जवळपास एवढंच अंतर झाकलं जातं.

या रेघेचे मनात पाच सारखे भाग करा. एप्सिलॉनकडून निघालात तर चौथ्या खुणेपाशी, रेघेच्या किंचित उत्तरेला एम ५४ आहे. म्हणजे झीटापासून पावणेदोन अंशांहून जरा कमी, पश्चिमेला आणि थोडा दक्षिणेला. रेघेच्या जवळजवळ बरोबर मध्यावर एम ७० आहे. एम ६९ एप्सिलॉनच्या बाजूला, रेघेपासून अंशभर उत्तरेला. तिन्ही गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे ताऱ्यांचे घट्ट गोळे, आहेत (काही जण त्यांना बंदिस्त तारकागुच्छ म्हणतात), तिन्ही पावणेआठव्या प्रतीच्या आसपासचे (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितकं तेज कमी) आणि तिन्ही लहान दुर्बिणीत सारखेच पुसट गोल दिसतात. घोळ होतो तो इथेच.

माझा झाला होता. दोन हंगाम मी एम ७०लाच एम ५४ समजून नोंदी करत होते. चूक कळली ती चित्रामुळे. एका रात्री दृश्यक्षेत्रातले आजूबाजूचे तारे कागदावर ठिपक्यांनी मांडले, दुसऱ्या दिवशी नकाशाशी ताडून पाहिले आणि ते जुळेनात. तेव्हापासून मी धूसर काही दिसलं की आधी भोवतालचे चार-पाच तारे काढते आणि मग मधल्या वस्तूकडे वळते. तुम्हीही असंच करा. वस्तूचं नाव तिच्या शेजाऱ्यांवरून पक्कं होतं.

एप्सिलॉनकडून न जाता झीटाकडून जाणं मला जास्त भरवशाचं वाटतं. कमीत कमी वर्धनाचा आयपीस लावा, झीटा दृश्यक्षेत्राच्या मध्यात आणा आणि दुर्बिणीला हात न लावता थांबा. तारा ज्या कडेकडे सरकत जाईल ती पश्चिम. दुर्बिण त्याच दिशेला पावणेदोन अंशांच्या आत ढकलायची आणि जराशी दक्षिणेला उतरवायची. दृश्यक्षेत्र एक अंशाचं असेल तर झीटा केव्हाच नजरेआड झालेला असेल, म्हणून हळूहळू ढकला. बायनॉक्युलरमधून मात्र झीटा आणि एम ५४ एकाच वेळी दिसतात. तिथे तो जरासा जाड, फोकस न झालेल्या ताऱ्यासारखा असतो. ती जागा एकदा डोळ्यांत बसली की दुर्बिणीचं काम अर्धं झालं.

वेळ आणि उंची

एम ५४ची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर, उणे साडेतीस अंश आहे. तुमच्या आकाशात तो जास्तीत जास्त किती वर येईल हे काढायला साडेएकोणसाठमधून तुमचा उत्तर अक्षांश वजा करा. २० अंश अक्षांशावर तो साडेएकोणचाळीस अंश चढतो, ४० अंशांवर जेमतेम वीस. जुलैच्या सुरुवातीला तो मध्यरात्री मध्यमंडलावर, म्हणजे बरोबर दक्षिणेला आणि सर्वांत उंच, असतो, ऑगस्टच्या उत्तरार्धात रात्री नऊच्या सुमारास आणि मेच्या सुरुवातीला पहाटे चारला. मध्यमंडलाच्या दोन्ही बाजूंचा तास-दीड तास, तेवढीच वेळ खरी कामाची.

अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला निदान अर्धा तास द्या, आणि दिवा लाल व मंद ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं, पण पाळलं फार कमी वेळा जातं. धूसर वस्तूंच्या बाबतीत तो अर्धा तास आरशाच्या दोन इंचांइतका मोलाचा आहे असं मी अनुभवाने म्हणेन.

काय पाहायचं

आता खरा भाग. एम ५४ एकटा पाहू नका. एम २२, एम ७० आणि एम ५४ याच क्रमाने, एकाच रात्री, एकाच दुर्बिणीने पाहा.

एम २२ किटलीच्या झाकणाच्या टोकापासून, म्हणजे लॅम्डा ताऱ्यापासून, ईशान्येला अडीच अंशांच्या आत आहे. तो आपल्यापासून साधारण साडेदहा हजार प्रकाशवर्षांवर, म्हणजे गोलाकार गुच्छांमध्ये अगदी जवळचा. आठ इंचीत १०० पट वर्धनाला त्यातले तारे पार मध्यापर्यंत सुटे होतात.

मग एम ७०. तीस हजार प्रकाशवर्षं. लहान, घट्ट. वर्धन दीडशेच्या पुढे नेलं आणि हवा स्थिर असली की कडेला दाणे जाणवायला लागतात. तिरकी नजर ठेवली, म्हणजे थेट गुच्छाकडे न पाहता जरा बाजूला पाहिलं, की एखाद-दुसरा तारा क्षणभर टोचून जातो. (याच गुच्छाजवळ २३ जुलै १९९५च्या रात्री ॲलन हेल आणि थॉमस बॉप यांना नकाशात नसलेला धूसर ठिपका दिसला. तो त्यांच्या नावाचा धूमकेतू ठरला. शेजारचे तारे ओळखीचे असण्याचा हा आणखी एक फायदा.)

आणि मग एम ५४. दीडशे पट वर्धन, तेच आयपीस, तीच हवा. मध्यभागी उजळ, जवळजवळ ताऱ्यासारखा टोकदार गाभा, भोवती पटकन विरत जाणारं तेजोवलय. एकूण तेज एम ७०पेक्षा थोडं जास्तच. पण दाणे नाहीत. वर्धन दोनशेवर न्या, अडीचशेवर न्या. वलय मोठं होतं, फिकं होतं, पण गुळगुळीतच राहतं. कडेला एखादा तारा चमकला तर तो बहुतेक आपल्याच आकाशगंगेतला, मध्ये आलेला असतो.

एका रात्री माझी भाची सोबत होती. तिने तिन्ही गुच्छ पाहिले आणि विचारलं, "मावशी, हा फुटत का नाही? फोकस बिघडलाय का?" मी दुर्बिण पुन्हा एम ७०वर नेली. फोकसला हात लावला नाही. दाणे होते. परत एम ५४वर. नव्हते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हा खूप लांब आहे, पण मग एवढा उजळ कसा?"

नेमका हाच प्रश्न विचारायला हवा. कागद-पेन्सिल घेऊन आम्ही लगेच हिशेब केला. एम ५४ सुमारे ८७ हजार प्रकाशवर्षांवर आहे, एम ७०च्या जवळजवळ तिप्पट लांब. अंतर तिप्पट झालं की तेज नऊपट घटतं. तरीही तो एम ७०एवढाच किंवा थोडा जास्त उजळ दिसतो. म्हणजे प्रत्यक्षात तो एम ७०पेक्षा दहापट तरी तेजस्वी असला पाहिजे. आकाशगंगेच्या कुटुंबातल्या ज्ञात गोलाकार गुच्छांत तेजाच्या बाबतीत त्याच्या वर फक्त ओमेगा सेंटॉरी आहे. एम ५४मधले सर्वांत तेजस्वी लाल राक्षसी तारेसुद्धा (म्हातारपणी फुगलेले तारे) पंधराव्या प्रतीच्या आसपास आहेत. आठ इंची दुर्बिण चौदाव्या प्रतीपाशी थांबते. म्हणून दाणे नाहीत. दुर्बिणीत दोष नाही आणि डोळ्यांतही नाही. जे दिसलं नाही तेच मोजमाप झालं.

फ्रेंच निरीक्षक शार्ल मेसियेने २४ जुलै १७७८ला हा पहिल्यांदा टिपला, तेव्हा त्यानेही मध्य तेजस्वी आहे पण तारा दिसत नाही अशीच नोंद केली. त्याच्या काळच्या दुर्बिणींत बहुतेक गोलाकार गुच्छ असेच दिसत. पण आज आपल्या हाती एम २२चे तारे सोडवणारी दुर्बिण असताना तीच नोंद वेगळ्या अर्थाची होते.

हा गुच्छ परका आहे हे कसं कळलं

दोनशे वर्षं कोणालाच कळलं नव्हतं. एम ५४ आकाशगंगेच्या मध्यफुगवट्याच्या दिशेला आहे. तिथे समोर ताऱ्यांची एवढी दाटी की मागचं काही वेगळं काढणं अवघड. १९९४मध्ये रॉड्रिगो इबाटा, जेरार्ड गिल्मोर आणि माइक आयर्विन हे त्या फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग मोजत होते. फुगवट्यातल्या ताऱ्यांचे वेग सगळीकडे पांगलेले असतात. त्यांना मात्र त्या गर्दीत ताऱ्यांचा एक असा घोळका सापडला, जो सगळाच्या सगळा सेकंदाला सुमारे १४० किलोमीटरने आपल्यापासून दूर जात होता. एवढी शिस्त योगायोगाने येत नाही. ती एक आख्खी बटू दीर्घिका होती, आकाशगंगेच्या केंद्रापलीकडे, केंद्रापासून साधारण पन्नास हजार प्रकाशवर्षांवर. आकाशात ती कित्येक अंश पसरलेली आहे, पण इतकी विरळ की छायाचित्रात नुसतं पाहून दिसत नाही. आणि तिचा सर्वांत दाट भाग जिथे, तिथेच एम ५४. अंतरही तेच, वेगही तोच.

म्हणजे मेसियेने १७७८मध्ये आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिकेतला गोलाकार गुच्छ पाहिला होता आणि ते कळायला २१६ वर्षं गेली. मला हे दर वेळी आयपीसला डोळा लावताना आठवतं.

त्या दीर्घिकेचं पुढे काय चाललं आहे, तेही समजून घ्या, कारण त्याशिवाय गाभ्याला काही अर्थ येत नाही. समुद्राला भरती येते ती पाण्याच्या जवळच्या आणि लांबच्या भागांवर चंद्राची ओढ सारखी नसते म्हणून. बटू दीर्घिका आकाशगंगेभोवती फिरताना तिच्यावरही अशीच ताण पडते. जवळची बाजू जास्त ओढली जाते, लांबची मागे राहते. कडेचे तारे आधी सुटतात आणि कक्षेच्या पुढे-मागे पट्ट्यासारखे पसरतात. २००३मध्ये अवरक्त सर्वेक्षणातून या पट्ट्याचा नकाशा निघाला. तो आपल्या आख्ख्या आकाशगंगेला वेढा घालून गेला आहे. मधला भाग मात्र घट्ट असल्यामुळे टिकतो.

पण एक शंका राहतेच. दीर्घिकेचा गाभा आणि तिच्यातला गोलाकार गुच्छ हे एकच का? साध्या गोलाकार गुच्छातले तारे जवळजवळ एका वयाचे असतात आणि त्यांच्यातलं लोहाचं प्रमाणही सारखं असतं. एकदा तारे झाले की उरलेला वायू निघून जातो आणि पुढची पिढी होत नाही. गाभ्याचं तसं नाही. भोवतीच्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे वायू पुन्हा पुन्हा मध्ये येऊन साचतो. २०१९मध्ये चिलीतल्या 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'वरच्या म्यूज उपकरणाने एम ५४च्या परिसरातल्या साडेसहा हजारांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट तपासले गेले. तीन पिढ्या वेगळ्या निघाल्या : एक सुमारे १२ अब्ज वर्षांची आणि लोहाने गरीब, दुसरी चार अब्ज वर्षांच्या आसपासची, तिसरी दोन अब्ज वर्षांची आणि लोहाने श्रीमंत. म्हातारी पिढी म्हणजे मूळचा गुच्छ, कदाचित एकाहून अधिक गुच्छ मिळून झालेला. जड गुच्छ दीर्घिकेत फिरताना भोवतीच्या हलक्या ताऱ्यांना खेचतो, त्यात त्याची गती कमी होत जाते आणि तो गोल गोल खाली उतरत केंद्रात येऊन बसतो. याला गतिकीय घर्षण म्हणतात. तरुण पिढी नंतर तिथेच, मध्ये साचलेल्या वायूतून जन्मली. ती एम ५४मध्ये आतल्या बाजूला, जरा चपट्या आणि फिरत्या रचनेत आहे. आयपीसमध्ये दिसणारा तो टोकदार उजळ मध्य म्हणजे हे सगळं एकावर एक.

घरी बसून पडताळा

दुर्बिणीने अंतर जाणवतं, पण नातं कळत नाही. नातं कळायला ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाची माहिती लागते. ती सर्वांना मोफत खुली आहे. मी गणिताची विद्यार्थिनी कधीच नव्हते, तरी मला हे दोन संध्याकाळींत जमलं.

गायाच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर विषुवांश २८३.७६ अंश, क्रांती उणे ३०.४८ अंश हे केंद्र घेऊन ०.३ अंश त्रिज्येतले तारे मागवा. जी प्रत (गायाने मोजलेली प्रत) १८पर्यंतचेच ठेवा, नाहीतर माहिती फार होते. प्रत्येक ताऱ्याची निजगती, म्हणजे आकाशात वर्षाला तो किती सरकतो ते, दोन रकान्यांत मिळेल : एक पूर्व-पश्चिम, एक उत्तर-दक्षिण. एकक विकलेचा हजारावा भाग. आलेखाच्या आडव्या अक्षावर पहिला रकाना आणि उभ्यावर दुसरा मांडा.

मला वाटलं होतं ठिपक्यांचा नुसता ढग येईल. ढग आला, तो समोरच्या ताऱ्यांचा, ऐसपैस. पण त्यात उणे २.७ आणि उणे १.४ या जागी ठिपक्यांची एक गच्च गाठ होती. शाईचा थेंब पडावा तशी. ती एम ५४ची.

आता दुसरी पायरी, आणि ही चुकवू नका. केंद्र एम ५४पासून एक अंश बाजूला सरकवा. गुच्छ तिथे नाही. दुर्बिण तिथे वळवली तर सामान्य आकाश दिसतं. पण आलेखात गाठ तशीच, त्याच जागी, थोडी विरळ. गुच्छ संपला तरी त्याच गतीने चाललेले तारे संपत नाहीत, कारण भोवती दीर्घिका आहे. डोळ्यांना कधीच न दिसलेली ती दीर्घिका मला पहिल्यांदा दिसली ती अशी, पडद्यावरच्या एका गाठीच्या रूपात. मी रात्री उशिरा भाचीला तो आलेख पाठवला आणि ती लगेच जागी आहे असं कळवून आणखी दोन अंश सरकवून पाहायला लागली.

तिसरी पायरी तिने काढली. हेच एम ७०वर करून पाहिलं. एम ७०ची गाठ आडव्या अक्षावर अधिक १.३५ आणि उभ्यावर उणे ४.७ला आहे, अगदी वेगळीकडे. एक अंश सरकलं की ती नाहीशी होते, कारण तो गुच्छ एकटा आहे. पण ढगात निरखून पाहिलं तर एम ७०च्या दिशेलाही उणे २.७, उणे १.४ला विरळ गर्दी आहे. धनू बटू दीर्घिका तिथपर्यंत पसरली आहे, एम ७०च्या कितीतरी मागे. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून एम ७०ची गती मोजणाऱ्यांनाही हेच मागचे तारे त्याच चौकटीत सापडले होते.

पुढे जायचं असेल तर गाठीतले तेवढेच तारे निवडून रंग आणि प्रत यांचा आलेख काढा. लाल राक्षसी ताऱ्यांची पट्टी एक न येता दोन फांद्यांत येते : कमी लाल बाजूची जुनी, लोहाने गरीब; जास्त लाल बाजूची नवी, लोहाने श्रीमंत. वर सांगितलेल्या पिढ्या त्या ह्याच.

एकाच रात्री सुरुवात आणि शेवट

एम ५४ कळला की ओमेगा सेंटॉरी पाहण्याची रीतच बदलते. नरतुरंग राशीतला हा गुच्छ सतरा हजार प्रकाशवर्षांवर, एक कोटीच्या घरात तारे असलेला, काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसणारा. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या यादीत तो तारा होता, १६०३मध्ये जर्मन नकाशाकार बायरने त्याला ओमेगा हे अक्षरही ताऱ्याचं म्हणूनच दिलं, आणि १६७७मध्ये सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीने तो तारा नसून धूसर वस्तू आहे हे नोंदवलं.

त्यातही ताऱ्यांच्या अनेक पिढ्या आहेत, लोहाचं प्रमाण वेगवेगळं आहे, आणि तो आकाशगंगेभोवती बहुतेकांच्या उलट दिशेने फिरतो. गोलाकार गुच्छाला न शोभणाऱ्या या तिन्ही गोष्टी. म्हणून तोही कधीकाळी गिळल्या गेलेल्या बटू दीर्घिकेचा उघडा पडलेला गाभा आहे, असं बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. २०१९मध्ये गायाच्या माहितीतून त्याच्यापासून निघालेला ताऱ्यांचा लांब पट्टा शोधला गेला आणि त्या शोधातही रॉड्रिगो इबाटा होतेच. २०२४मध्ये हबलच्या वीस वर्षांतल्या पाचशेहून अधिक छायाचित्रांवरून त्याच्या मध्यात सात अतिवेगवान तारे सापडले. एवढ्या वेगाने ते केव्हाच निसटून गेले असते, म्हणून तिथे निदान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर त्यांना धरून असावं. दीर्घिकेच्या गाभ्यात जे अपेक्षित असतं, तेच.

ओमेगाभोवतीची दीर्घिका संपली आहे. एम ५४भोवतीची अजून संपते आहे. एकीकडे घडून गेलेलं, दुसरीकडे घडत असलेलं. दोन्ही एका रात्रीत पाहता येतात, आणि त्यासाठी मेच्या पहिल्या पंधरवड्यातली चंद्र नसलेली रात्र घ्या.

चित्रा तारा ओळखा. ओमेगा त्याच्या जवळजवळ बरोबर खाली, ३६ अंशांवर आहे. चित्रा मध्यमंडलावर आली की ओमेगाही तिथेच, दक्षिण क्षितिजाच्या वर. त्याची उंची साडेबेचाळीसमधून अक्षांश वजा केला की मिळते, त्यामुळे ३५ अंशांच्या पुढे उत्तरेला राहणाऱ्यांना तो क्षितिजाच्या धुरकटीतच शोधावा लागेल. मेच्या सुरुवातीला ही वेळ रात्री साडेदहा-पावणेअकराची. आधी बायनॉक्युलर, मग सर्वांत कमी वर्धन, आणि मग शंभरच्या आसपास. हवा चांगली असेल तर दृश्यक्षेत्र कडेपासून कडेपर्यंत ताऱ्यांनी भरतं. त्याचं चित्र काढायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. कडेची दाटी कुठून कमी व्हायला लागते तेवढं वर्तुळ काढते आणि तो अंडाकृती वाटतो की गोल हे लिहिते. तो किंचित अंडाकृती आहे.

मग झोपा. गजर साडेतीनचा लावा. उठल्यावर पांढरा दिवा लावू नका. किटली तोवर दक्षिणेला पुरेशी वर आलेली असते. झीटा मध्यात आणा, पश्चिम कोणती ते थांबून पाहा, ढकला, थोडं खाली उतरा. शेजारचे चार तारे आधी कागदावर मांडा. मग मध्ये एक छोटं वर्तुळ काढा आणि पेन्सिलीच्या बाजूने हलकं घासून बोटाने कडा पुसट करा. मध्यावर जरा दाबून एक ठिपका. माझ्या भाचीने गेल्या वेळी त्याच्याखाली लिहिलं होतं : "पहाटे ४.१०. २०० पट. दाणे नाहीत."